बंद परमिट रूममध्ये हस्तकलेचं दुकान : जागा बघण्यापासून माल लावण्यापर्यंत

महामार्गापासून ५०० मीटरच्या आत दारूविक्री नको, हा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश १ एप्रिल २०१७ पासून लागू झाला आणि रस्त्याकडेच्या बारना एका रात्रीत कुलपं लागली. लहान गावांसाठी अंतर २२० मीटर ठेवलं गेलं, पुढे पालिका हद्दीला सूट मिळाली. काही बार उघडले, काही उघडलेच नाहीत. मालक थकले, भागीदारी मोडली, पुराचं पाणी शिरलं अशा इतर कारणांनी बंद पडलेल्या जागाही सांगली, मिरज, कुपवाड भागात दिसतात. रस्त्यावरची जागा, पार्किंग, पाणी, थ्री-फेज वीज हे सगळं तिथे आयतं असतं आणि भाडं बरेचदा शेजारच्या गाळ्यापेक्षा कमी, कारण 'बारची जागा' म्हटलं की कापडवाला किंवा डॉक्टर पुढे येत नाही.

बचत गट, कारागिरांची सहकारी संस्था किंवा चार मित्रांनी मिळून घोंगडी, बुरुडकाम, गोधड्या, कोल्हापुरी चपला, मिरजेची तंतुवाद्यं यांचं दुकान काढायचं ठरवलं, तर अशी जागा परवडते. एक गोष्ट मात्र पहिल्या दिवसापासून ध्यानात ठेवावी. बार बांधलेलाच असतो आतलं बाहेर दिसू नये म्हणून. दारासमोर आडोशाची भिंत, काळ्या काचा, प्लायने बंद केलेल्या खिडक्या, मंद दिवे, फॅमिली रूमची खोपटी. दुकानाला यातलं काहीच चालत नाही. नुसता रंग देऊन आणि पाटी बदलून दुकान उघडलं तर बायका पायरी चढत नाहीत, आणि हस्तकलेची बरीचशी खरेदी बायकाच करतात.

जागा ठरवण्याआधी

जागा दोनदा बघा. एकदा भर दुपारी सगळे दिवे बंद करून आणि एकदा जोराच्या पावसानंतर. सोबत टॉर्च, लांब स्क्रू-ड्रायव्हर, टेप आणि पाण्याची बादली. स्क्रू-ड्रायव्हर काउंटरच्या खालच्या प्लायमध्ये आणि दारांच्या चौकटीत टोचून बघा. सहज आत गेला तर वाळवी आहे किंवा प्लाय कुजलाय. काउंटरखाली वर्षानुवर्षं बिअर सांडलेली असते. तिच्यातल्या साखरेवर मुंग्या येतात, ओलीवर बुरशी, आणि वरून ग्रॅनाइट चकचकीत दिसत राहतं. प्रत्येक नहाणी ट्रॅपमध्ये (मोरीच्या जाळीखालच्या, पाणी साठून गटारीचा वास अडवणाऱ्या भांड्यात) बादलीभर पाणी ओता. मिनिटभरात उतरलं नाही तर लाइन चोंदलीय. फॉल्स सीलिंगमधला एक दिवा काढून वर टॉर्च मारा. उंदरांच्या लेंड्या, टेप गुंडाळलेले वायरचे जोड, स्लॅबमधून आलेलं पाणी, सगळं तिथेच सापडतं.

कागदांपैकी चार गोष्टी टाळू नका. परमिट रूमचं एफएल-३ लायसन्स राज्य उत्पादन शुल्क विभागाकडे परत केल्याचं किंवा दुसऱ्या पत्त्यावर हलवल्याचं पत्र मालकाकडून घ्या. आत सीलबंद बाटल्या उरल्या असतील तर हात लावू नका, त्यांची विल्हेवाट विभागाच्या देखत होते. वीजबिलाची आणि घरपट्टी-पाणीपट्टीची थकबाकी तपासा. विजेची थकबाकी जागेला चिकटते, जुना भाडेकरू निघून गेला तरी. करार नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्सच करा, आणि ११ महिन्यांचा नको. एवढं तोडकाम करून वर्षाने जागा सोडायला लागली तर सगळ्यांची मेहनत मालकाच्या पदरात पडते. निदान ३६ महिने घ्या आणि लॉक-इन, म्हणजे मुदतीआधी करार मोडायचा नाही ही अट, मालकालाही बांधील ठेवा. चौथी गोष्ट म्हणजे काय तोडायचं, काय ठेवायचं आणि भंगाराचे पैसे कोणाचे, हे करारातच यादी करून लिहा. ग्रॅनाइट, स्टीलची टेबलं, एसीची तांब्याची पाइप यांवरून नंतर हमखास वाद होतात.

दुकानाची नोंदणी अवघड नाही. कामगार मोजकेच असतील तर २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याखाली फक्त ऑनलाइन सूचना द्यावी लागते. मीटर जुन्या मालकाच्या नावावर आणि मंजूर भार एसी-फ्रिजच्या हिशेबाचा असेल तर नाव बदलताना भारही कमी करून घ्या. दिवे, पंखे, एक फ्रीझर आणि संगणक यांना ५ किलोवॅट पुरतात.

तोडकामाचा क्रम

क्रम असा ठेवा : वीज, गॅस, एसी-फ्रिज, फर्निचर, फॉल्स सीलिंग, पार्टिशन, शेवटी फरशी. उत्साही मंडळी आधी पार्टिशनवर हातोडा घालतात, पण सीलिंगची फ्रेम बहुतेक वेळा त्या पार्टिशनलाच ठोकलेली असते. पार्टिशन गेलं की सीलिंग डोक्यावर येतं.

मेन स्विचवरून वीज तोडून वायरमनकडून कामापुरता एक तात्पुरता बोर्ड घ्या, त्यावर ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती झाली की लगेच वीज तोडणारा स्विच, हवाच. १९ किलोचे गॅस सिलिंडर एजन्सीला परत जातात. भिंतीतली गॅसची पाइप कापण्याआधी मोकळी असल्याची खात्री गॅसच्या माणसाकडूनच करून घ्यायची. एसीचा गॅस तंत्रज्ञाने काढून घ्यावा. नळी कापून हवेत सोडणं चुकीचं, आणि डोळ्यावर आला तर इजा होते.

४०० चौरस फुटांचं जिप्समचं सीलिंग साडेतीनशे-चारशे किलो भरतं, जुनं पीओपी असेल तर त्याहून जास्त. कडेपासून सुरुवात करा, एका वेळी दोन-तीन फुटांचा तुकडा, आधी पाण्याचा फवारा मारून. खाली कोणीही उभं राहायचं नाही. राडारोडा गोणीत भरताना १५-२० किलोच्या वर भरू नका. भरलेली गोणी जड झाली की ती उचलणारा गडी दुसऱ्या रविवारी येत नाही.

मागच्या किचनवर सिमेंटचे जुने पत्रे असतील तर तिथे स्वयंसेवक नकोत. जुन्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असतं. ते कापलं, फोडलं किंवा कोरडं घासलं की त्याचे तंतू फुप्फुसात जातात. पत्रा शाबूत असेल तर तसाच राहू द्या, रंग द्या. बदलायचाच असेल तर माहीतगार माणसाकडून, ओला करून, अख्खा उतरवून घ्या.

वास

सगळ्यात चिवट काम हेच, आणि इथेच लोक चुकतात. रूम फ्रेशनर, धूप, कापूर यांनी दोन दिवस बरं वाटतं. वास चार ठिकाणांहून येत असतो : मऊ सामान, भिंतींवरचा तंबाखूचा थर, किचनमधलं तेल आणि ड्रेनेज. प्रत्येकाचा इलाज वेगळा.

रेक्झिनचे सोफे, त्यांतला फोम, गालिचा, पडदे, प्लायचे पॅनेल हे सगळं बाहेर. 'सोफा चांगला आहे, कव्हर बदलू' असं कोणीतरी म्हणतंच. ऐकू नका. फोममधला वास निघत नाही आणि घोंगडीची लोकर तो आठवड्यात पिऊन टाकते.

भिंतीसाठी आधी परीक्षा करा. पांढरं फडकं धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात पिळून भिंतीवर हातभर पुसा. फडकं तांबूस-पिवळं झालं तर तो तंबाखूच्या धुराचा थर आहे. त्यावर थेट डिस्टेंपर किंवा पाण्याचा रंग मारला की काही दिवसांत पिवळे डाग वर येतात, दुसरा हात मारला तरी पुन्हा येतात, कारण तो थर पाण्यात विरघळून रंगातून वर चढतो. १० लिटर कोमट पाण्यात १०० ते १५० ग्रॅम धुण्याचा सोडा, रबरी हातमोजे, चष्मा आणि स्पंज. भिंत खालून वर धुवायची. वरून सुरुवात केली तर काळ्या पाण्याचे ओघळ कोरड्या भिंतीवर उतरतात आणि ते पट्टे नंतर निघत नाहीत. मग स्वच्छ पाण्याने दोनदा पुसा, नाहीतर सोडा राहून रंग सुटतो. उन्हाळ्यात दोन दिवस, पावसाळ्यात आठवडाभर वाळू द्या. त्यानंतर तेलाचा प्रायमर, पाण्याचा नव्हे. तो डाग आतच अडवतो. वरून साधं इमल्शन चालतं.

ज्या भिंतीमागे बाथरूम आहे ती आधी बघा. दीड फूट चौरस प्लास्टिकचा कागद चारही बाजूंनी टेपने भिंतीला घट्ट चिकटवा आणि दोन दिवस ठेवा. कागदाच्या आतल्या बाजूला थेंब आले तर ओल भिंतीतली आहे, तिथे तेलाचा प्रायमर फुगून सुटणार. आधी प्लंबर, मग रंगारी. भिंतीवर पांढरा खार आला असेल तर कोरड्या ब्रशने झाडून घ्या. पाण्याने धुतला तर तो पुन्हा भिंतीत मुरतो.

हिशेब : २० बाय २० फुटांची, १० फूट उंचीची खोली म्हणजे छत धरून १,२०० चौरस फूट, दारं-खिडक्या वजा जाता १,१०० च्या आसपास. प्रायमर एका हाताला १० लिटर, इमल्शन दोन हातांना १८-२० लिटर, पुट्टी फक्त खड्ड्यांपुरती, ४० किलोची एक गोणी.

किचनची टाइल कडकडीत पाणी आणि धुण्याच्या सोड्याने निघते, मात्र दोन-तीनदा घासावं लागतं. कॉस्टिक सोडा स्वयंसेवकांच्या हातात देऊ नका, कातडी सोलून निघते. एक्झॉस्टच्या डक्टमध्ये बोटभर जाडीचं तेल असतं, ते पेट घेऊ शकतं. डक्ट साफ करत बसण्यापेक्षा काढून भंगारात द्या आणि भोक विटेने बुजवा. आणि हे ठळक अक्षरांत लिहून भिंतीवर लावा : संडास साफ करायचं ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र येऊ द्यायचं नाही. दोन्हींचा क्लोरीन वायू होतो. एकजण मुतारी ॲसिडने घासतोय आणि दुसरा त्याच मोरीत ब्लीचिंग टाकतोय, असं गर्दीत सहज घडतं.

मुताऱ्या काढल्या की पाइपचं तोंड सिमेंटने पक्कं बंद करा, वर नुसती टाइल ठेवून भागत नाही. जे ट्रॅप राहतील त्यांत आठवड्याला तांब्याभर पाणी ओतायची जबाबदारी कोणाच्या तरी नावावर लिहा. वापर थांबला की ट्रॅपमधलं पाणी सुकतं आणि गटारीचा वायू थेट वर येतो. महिन्याभराने 'वास परत आला' अशी तक्रार आली तर आधी तिथे पाणी आहे का ते बघा. एक स्वच्छ, आतून कडी लागणारं स्वच्छतागृह बायकांसाठी ठेवा. मुतारीची रिकामी खोली कापडाच्या गोदामासाठी वापरू नका, तिची ओल कधीच पूर्ण जात नाही.

दर्शनी बाजू, काउंटर, उजेड

दारासमोरची आडोशाची भिंत बहुतेक साडेचार इंची विटेची, नंतर घातलेली असते. तरीही वर तुळई टेकलेली नाही ना, हे स्थापत्य अभियंत्याकडून बघून घ्या. ती गेली की अर्धं काम झालं. काचेवरची काळी फिल्म साबणाच्या पाण्याने भिजवून, हेअर ड्रायरने कोपरा गरम करून, प्लास्टिकच्या पट्टीने सोलायची. ब्लेडने ओरखडे पडतात. प्लायने बंद केलेल्या खिडक्या उघडा, पण पश्चिमेकडून येणारं ऊन मालावर पडू देऊ नका. नैसर्गिक रंगाच्या गोधडीवर एका उन्हाळ्यात घडीची पांढरी रेघ उमटते.

बारचं काउंटर साधारण ४२ इंच उंच असतं, विक्रीला ३६ इंच सोयीचं. प्लायचा सांगाडा सडका असेल तर नुसतं ग्रॅनाइट काढून लोखंडी अँगलच्या स्टँडवर ठेवा. ग्रॅनाइट सात-आठ फुटांचं असेल तर चारजण लागतात आणि ते उभं धरूनच न्यायचं. आडवं उचललं की मधोमध तडकतं. मागच्या आरशासमोरचे बाटल्यांचे काचेचे शेल्फ सात-आठ इंच खोल असतात. मातीची छोटी भांडी, दागिने, परड्या यांना ते उत्तम, चपलांचे जोड आणि घोंगड्यांना निरुपयोगी. आरसा राहू द्या, खोली उजळ दिसते.

दिव्यांचा अंदाज असा. ४०० चौरस फूट म्हणजे ३७ चौरस मीटर. लक्स म्हणजे दर चौरस मीटरवर पडणारा उजेड, ल्यूमेन म्हणजे दिव्यातून निघणारा एकूण उजेड. ३०० लक्स हवे तर ११,१०० ल्यूमेन. भिंती आणि धूळ यांत जाणारा उजेड धरून साडेअठरा हजार पकडा. २० वॉटची एलईडी पट्टी सुमारे २,००० ल्यूमेन देते, म्हणजे नऊ-दहा पट्ट्या. ४,००० केल्व्हिनच्या, म्हणजे फार पिवळ्या नाहीत आणि फार निळसरही नाहीत अशा, आणि रंग खरे दाखवणाऱ्या, म्हणजे सीआरआय ९० च्या घ्या. स्वस्त पांढऱ्याशार दिव्याखाली काळी घोंगडी आणि गडद तपकिरी घोंगडी सारखीच दिसते, मग गिऱ्हाईक घरी जाऊन फोन करतं. बारमधले रंगीत स्पॉटलाइट सगळे काढा. वायरिंग जुनं असेल तर नवीन ओढा : दिव्यांना दीड चौरस मिलिमीटर, साध्या प्लगना अडीच, फ्रीझरसारख्या जड बोर्डाला चार.

डीप फ्रीझर विकू नका

बारमधल्या सामानातली एकच वस्तू दुकानाला सोन्याच्या मोलाची आहे. जत, आटपाडीकडच्या घोंगड्यांना कसर, म्हणजे लोकर खाणारी कीड, लागते, आणि त्यांना दिलेल्या चिंचोक्याच्या खळीवर झुरळं येतात. डांबराच्या गोळ्यांनी अळ्यांचा पक्का बंदोबस्त होत नाही, वर मालाला वास लागतो. घोंगडी पूर्ण कोरडी असताना जाड प्लास्टिकच्या पिशवीत घालून, हवा काढून, टेपने बंद करा आणि उणे १८ अंशांवर दोन आठवडे ठेवा. अंडी आणि अळ्या दोन्ही मरतात. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच फोडायची नाही, एक दिवस तशीच राहू द्या, नाहीतर थंड लोकरीवर दव धरतं. नवीन आलेला प्रत्येक लोकरी नग आधी फ्रीझरमध्ये, मगच रॅकवर. काचेच्या दाराचा बॉटल कूलर मात्र या कामाचा नाही. तो ३-४ अंशांवर थांबतो, त्यात कसर नुसती झोपते. तो विकून टाका.

बुरुडकामाच्या मालाखाली पिवळी पूड पडायला लागली तर आत किडा आहे. कारागिराकडेच विणण्याआधी बांबू टाकणखार आणि बोरिक ॲसिडच्या पाण्यात भिजवलेला बरा : १०० लिटरला ३ किलो टाकणखार, २ किलो बोरिक. भाकरीची दुरडी किंवा रोवळी असेल तर हे नको, ते अन्नाला लागतं. तो माल थोडाच आणावा आणि लवकर विकावा.

कोल्हापुरी चपलेचं २०१९ चं भौगोलिक मानांकन सांगली आणि सातारा जिल्ह्यांनाही आहे, हे पाटीवर लिहायला हरकत नाही. पण पावसाळ्यात चामड्यावर बुरशी येते. प्लास्टिकची पिशवी नको, कागद चालेल. रॅक भिंतीपासून चार बोटं पुढे. मिरजेच्या सतारी आणि तानपुऱ्यांना एसीचा झोत आणि ऊन दोन्ही वर्ज्य, भोपळा तडकतो. तंतुवाद्यं विक्रीला दोन-तीनच ठेवा आणि ऑर्डर थेट मिरजेच्या कारागिराकडे द्या, गिऱ्हाइकालाही तेच हवं असतं.

श्रमदान कसं लावायचं

माणसं मिळतात, काम मिळत नाही म्हणून जातात. आलेल्याला दहा मिनिटं रिकामं उभं ठेवलं तर तो परत येत नाही. एका गटात पाच-सहाजण, त्यांतला एक मुकादम, आणि आदल्या रात्रीच फळ्यावर कोणी काय करायचं ते लिहिलेलं. रविवारी सकाळी ८ ते १२ एवढंच. दुपारनंतर हात थकतात आणि अपघात तेव्हाच होतात.

कॉलेजच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या विद्यार्थ्यांना वर्षाला १२० तास भरायचे असतात. कार्यक्रम अधिकाऱ्याला तारखा, कामाचं स्वरूप आणि सुरक्षेची सोय लिहून दिली तर बरेचदा होकार येतो. त्यांना धुलाई, खरवडणं, पॉलिश पेपर, प्रायमर, गोण्या वाहणं ही कामं द्या. वीज, गॅस, ॲसिड, शिडीवर आठ फुटांच्या वर, ग्राइंडर आणि भिंत पाडणं ही कामं मजुरी देऊन जाणत्या माणसांकडूनच. १८ वर्षांखालच्यांना तोडकामाच्या दिवशी आत घेऊ नका.

दहाजणांसाठी सामान : चार घमेली, दोन फावडी, एक पहार, दोन छिन्नी-हातोडे, सहा खरवडण्या, दहा जोडी हातमोजे, दहा चष्मे, वीस एन-९५ मास्क, ५० रिकाम्या गोण्या आणि प्रथमोपचाराची पेटी. रुमाल बांधून पीओपीची धूळ अडत नाही. नियमित येणाऱ्यांना पंतप्रधान सुरक्षा विमा योजनेबद्दल सांगा. बँक खात्यातून वर्षाला २० रुपये जातात आणि १८ ते ७० वयाला अपघाती २ लाखांचं संरक्षण मिळतं. चहा आणि भडंगाचा खर्च अंदाजपत्रकात धरा, नाहीतर तो एकाच्याच खिशातून जात राहतो आणि तो कधी बोलत नाही.

उघडण्याआधीचे दोन बंदोबस्त

ऑनलाइन नकाशावरच्या जुन्या बारच्या नोंदीवर 'कायमचे बंद' करून घ्या आणि नवीन नोंद वेगळी काढा. जुनी तशीच राहिली तर रात्री नऊला लोक येत राहतात. सुरुवातीचे काही महिने संध्याकाळी काउंटरवर दोघं हवीत. 'बार बंद आहे' एवढंच शांतपणे सांगावं, हुज्जत नको. शटरवर रात्रभर एक दिवा चालू ठेवा, नाहीतर जुनी गिऱ्हाइकं बाटली घेऊन पायरीवर बसतात.

दुसरा बंदोबस्त पुराचा. २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली होती. इशारा पातळी ४० फुटांची, धोका पातळी ४५ ची. तुमच्या जागेत तेव्हा किती पाणी होतं ते शेजाऱ्याला विचारून भिंतीवर रेघ मारा. प्लग त्या रेघेच्या वर, निदान चार फुटांवर. खालचे रॅक प्लायचे नकोत, कडप्पा आणि लोखंडी अँगल चालतील. माल झाकणाच्या प्लास्टिक क्रेटमध्ये, क्रेटवर क्रमांक, आणि लोकर वरच्या फळीवर. भिजलेली घोंगडी वजनाने कित्येक पट होते, ती दोघांनाही उचलत नाही. पातळी ४० फुटांवर गेल्याचा निरोप आला की त्याच दिवशी टेम्पो बोलवायचा. ४५ ची वाट बघितली तर टेम्पो मिळत नाही, सगळ्या पेठेला तो एकाच वेळी हवा असतो. टेम्पोवाल्याचे दोन नंबर, वर नेऊन ठेवायची जागा आणि येणाऱ्या सहाजणांची नावं काउंटरच्या आतल्या बाजूला चिकटवा आणि दर मे महिन्यात ती नावं अजून गावात आहेत का ते विचारून घ्या.